पट्टायात रस्त्यावरचं खाणं: शुक्रवार धरा आणि घड्याळ बघून खा

पहिल्यांदा पट्टायाला गेलो ते टूरच्या ग्रुपबरोबर. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पनीर बटर मसाला, जीरा राइस आणि ‘घरच्यासारखं जेवण’ असं दिवसातून दहादा ऐकवणारा मॅनेजर. तिसऱ्या दिवशी बस सिग्नलला थांबली, तर खिडकीबाहेर एक बाई चक्क आप्पेपात्रात काहीतरी ओतत होती. तसंच काळं बिडाचं पात्र, तशाच वाट्या, वरून नारळाचं दूध. मी काच ठोकून गाइडला विचारलं, तो म्हणाला, ‘मॅडम, ते आपलं नाही.’ बस हलली.

दुसऱ्या खेपेला आम्ही आमचे आम्ही गेलो: मी, नवरा आणि शाकाहारी सासूबाई. त्या सहा दिवसांतून आणि त्यानंतरच्या दोन फेऱ्यांतून जे कळलं ते इथे लिहिते आहे. सगळ्यांत उशिरा कळलं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं ते हे, की तिथल्या गाड्यांना वेळ असते. एक गाडी, एक पदार्थ आणि ठरावीक दोन-तीन तास. सकाळी सातला ज्या कोपऱ्यावर भाताची पेज मिळते, तिथे अकराला कुणी नसतं आणि संध्याकाळी सहाला तिथेच दुसरी बाई मासे भाजत असते. त्यामुळे ‘कुठे खायचं’ याची यादी करण्यापेक्षा ‘किती वाजता काय’ हे ठरवलंत तर दिवस आपोआप जमतो.

आधी वार ठरवा

मला विचाराल तर शुक्रवार. कारण साधं आहे. सोय बुआखाओ नावाच्या गल्लीतला मोठा बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो, आणि थेप्प्रासित रस्त्यावरचा रात्रबाजार शुक्रवार, शनिवार, रविवार. दोन्ही एकाच दिवशी गाठायचे तर शुक्रवारच. ‘सोय’ म्हणजे गल्ली. आपल्या ‘सोयी’शी त्याचा संबंध नाही, पण खाण्याच्या बाबतीत अर्थ जुळतो.

शुक्रवार जमत नसेल तरी दिवस फुकट जात नाही. संध्याकाळसाठी जोमतिएन किनाऱ्यालगतचा रात्रबाजार रोज असतो, आणि दक्षिण पट्टायात वाट चाय मोंगखोन या देवळाजवळचा बाजार दुपारनंतर खाण्यासाठी चांगला. ‘वाट’ म्हणजे विहार. हा पर्यटकांपेक्षा तिथल्या कामकरी लोकांचा बाजार आहे, म्हणून भावही बरे.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस दिवसाचं गणित बिघडवतो. एप्रिलच्या मध्यात त्यांचं सोंगक्रान, म्हणजे नववर्ष असतं. पट्टायाच्या बाजूला ते पाणी उडवणं १३ ते १५ तारखेवर थांबत नाही, पुढे १८-१९ पर्यंत चालतं. तेव्हा जाऊन मजा करा, पण हातात नूडल्सचा वाडगा घेऊन रस्त्यावर फिरायचे ते दिवस नव्हेत.

आदल्या रात्रीची तयारी

हॉटेल नाश्त्याशिवाय घ्या. फुकट नाश्ता असला की आपण तो सोडत नाही, आणि टोस्ट-जॅमने भरलेलं पोट घेऊन सकाळच्या गाड्यांपाशी जाण्यात अर्थ नाही.

सुटे पैसे करून ठेवा. बाटाचा भाव वरखाली होत असतो, मी डोक्यात सरळ तीनने गुणते म्हणजे नंतर धक्का बसत नाही. हजाराची नोट पाहिली की गाडीवाल्या बाईचा चेहरा पडतो, कारण तिचा पदार्थ ४० बाटांचा असतो. रात्रीच एखाद्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा. तिथे कुणी कुरकुर करत नाही. स्थानिक लोक क्यूआर कोडवर पैसे देतात, आपण मात्र रोखच धरून चालायचं. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाटांच्या वर घेतं, तेव्हा एकदाच काय ते काढा.

समुद्रातली मासळी सोडली तर माणशी पाचशे ते सातशे बाटांत दिवसभर व्यवस्थित खाणं होतं. मासळीचं खातं वेगळं, ते पुढे.

आणि एक नियम घरातच ठरवून घ्या: तिघांत एक प्लेट. आपल्याला माणशी एकेक मागवायची सवय असते. सकाळी दहाच्या आत पोट भरलं की दिवस संपला. आमच्याकडे हा नियम सासूबाईंनीच मोडला, पण त्या आप्प्यांसाठी, म्हणून माफ.

बोलण्यापुरतं थाई

थाई लोक इंग्रजी बोलणाऱ्यांचे उच्चार ऐकून हसतात, पण मराठी माणसाला तिथे एक आयता फायदा आहे. त्यांच्याकडे प-फ, त-थ, क-ख हे भेद आहेत. फेत म्हणजे तिखट, आणि त्यातला फ आपल्या ‘फळा’तला, दात-ओठ लावून काढलेला ‘फॅन’मधला नव्हे. सुरांचे चढउतार मात्र आपल्याला जमत नाहीत. ते बोटाने दाखवून भागवायचं.

‘आओ आन नी’ म्हणजे हे द्या. ‘थाओ राय?’ म्हणजे कितीला. उत्तर कॅल्क्युलेटरवर टाइप होऊन येतं. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको, ‘फेत नित नॉय’ म्हणजे थोडंसं तिखट. ‘साय थुंग’ म्हणजे पिशवीत द्या. शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’ आणि बायकांनी ‘खा’ लावायचं, आपल्या ‘हो का’सारखं. तेवढ्याने समोरचा माणूस मऊ होतो. ‘खोप खुन खा’ म्हणजे आभार.

तिखटाबद्दल एक सावधगिरी. आपण कोल्हापूर-नागपूरच्या जोरावर ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणतो. आपलं तिखट तेलात परतलेलं, खोबऱ्या-दाण्यात मुरलेलं असतं. तिथली इवलीशी मिरची कच्ची ठेचून लिंबाच्या रसात टाकलेली असते. ती जिभेवर नाही, थेट कानात जाते. नवऱ्याने पहिल्या दिवशी ‘फेत माक’, म्हणजे खूप तिखट, असं ऐटीत सांगितलं होतं. पुढची वीस मिनिटं तो काही बोलला नाही.

सकाळी सात ते नऊ: धूर दिसेल तिथे थांबा

मुक्काम सोय बुआखाओच्या किंवा दक्षिण पट्टायाच्या आसपास असेल तर सकाळी नुसतं बाहेर पडा. गाड्या शोधाव्या लागत नाहीत. सेव्हन-इलेव्हनच्या दाराशी, शाळेच्या, बँकेच्या कोपऱ्यावर कोळशाचा धूर दिसतो. ती मू पिंगची गाडी. नारळाचं दूध लावून भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या काड्या, दहा-पंधरा बाटांना एक, सोबत चिकट भाताची पुरचुंडी. चिकट भात हातानेच खातात, बोटांनी गोळी करून. आपल्याला शिकवावं लागत नाही. पोर्क चालत नसेल तर कोंबडीच्या काड्या शोधा, ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘मू’ म्हणजे डुक्कर, हे दोन शब्द पाठच करा. गोमांस नको असेल तर ‘नुआ’ हा शब्द कानावर पडला की पुढे चला.

याच वेळी अनवाणी भिक्षू भिक्षापात्र घेऊन निघालेले दिसतात, आणि लोक गाडीवरूनच पुड्या विकत घेऊन त्यांच्या पात्रात घालतात. वाटेतून बाजूला व्हायचं, आणि बायकांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं.

दुसरी गाडी चोकची. कण्यांची पेज, अगदी दाट, आलं, कांद्याची पात, वाटल्यास अंडं फोडून. कोकणातल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल, फक्त मिठाऐवजी माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस असतं आणि आत मांसाचे गोळे. तिसरी गाडी पातोंगकोची: मैद्याचे जोडीने चिकटलेले, तळलेले फुगीर तुकडे, सोबत गरम सोयाचं दूध. सासूबाईंचा नाश्ता रोज हाच.

नऊ-साडेनऊला ही सगळी मंडळी गाडी आवरतात. उशिरा उठलात तर फक्त रस्त्यावरचे तेलाचे डाग दिसतील.

दहा ते साडेअकरा: बुआखाओचा बाजार आणि ते आप्पेपात्र

बाजारात कपडे, चपला, मोबाइलची कव्हरं यांची गर्दी असते, त्यातून वाट काढत खाण्याच्या बाजूला या. इथे मी माझं राहिलेलं काम पूर्ण केलं.

खनोम ख्रोक. पात्र आपलंच म्हणा, वाट्या जरा लहान. बाई एका किटलीतून तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण ओतते, आपण आप्प्यांना करतो तसं काठोकाठ नाही, पाऊण वाटी. ते कडेने धरायला लागलं की दुसऱ्या किटलीतून नारळाचं दाट दूध, साखर-मीठ घातलेलं. वरून कांद्याची पात, किंवा मक्याचे दाणे. मग झाकण. उलटत नाही! म्हणून तळ कुरकुरीत आणि वरचा भाग अर्धवट जमलेल्या खरवसासारखा राहतो. पातळ चमच्याने एकेक वाटी सोडवून दोन अर्ध्या एकमेकींवर ठेवते, की झाली गोल. गोड आणि कांद्याची पात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तिथेच खरी मजा आहे. घाई करू नका, आतलं नारळाचं दूध उकळतं असतं. टाळू भाजून घेतल्याशिवाय कुणी शिकत नाही, तरी सांगते. यात मासळी-मांस नसतं, तेव्हा शाकाहाऱ्यांनी पोट इथेच भरावं. कधीकधी वर सुका जवळा टाकतात, तेवढं बघून घ्या.

सरबतांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यातलं गडद लाल ते क्राचिआप, म्हणजे आपल्या लाल अंबाडीची बोंडं उकळून केलेलं. तपकिरी ते मातूम, म्हणजे बेलफळ. कच्च्या बेलाच्या चकत्या वाळवून, भाजून उकळतात. शंकराला बेल वाहणाऱ्या आपल्या लोकांनी त्याचं असं रोजचं सरबत का नाही केलं, असा प्रश्न पडतो. ‘वान नॉय’ म्हणजे गोड कमी, हे सांगितलं नाही तर साखरेचा पाकच पिताय असं वाटेल.

फळाच्या गाडीवर पेरू, कच्चा आंबा, अननस कापून मिळतो आणि सोबत मीठ-साखर-मिरचीची पुडी. चौपाटीवरच्या पेरूवाल्याचीच मावसबहीण. ड्युरियनचा हंगाम साधारण मे ते जुलै, आणि पट्टायाच्या पूर्वेचे रायोंग, चांथाबुरी हे जिल्हे त्याचं माहेर. हवा तर गाडीवरच खाऊन टाका. हॉटेलात नेलात तर दंड लावतात, तशा पाट्याच असतात.

बारा ते तीन: नाकलुआला मासळी

हा दिवसाचा मोठा भाग, म्हणून आधी प्रवास समजून घ्या.

पट्टायात सोंगथेव नावाच्या निळ्या पिकअप गाड्या फिरतात, मागे दोन बाकडी. आपल्या शेअर रिक्षाचीच पद्धत. बीच रोडवर वाहतूक दक्षिणेकडे एकेरी, सेकंड रोडवर उत्तरेकडे एकेरी, त्यामुळे गाड्या गोल फिरत राहतात. हात करायचा, चढायचं, उतरायचं तिथे छताजवळची बेल दाबायची आणि उतरून ड्रायव्हरला खिडकीतून पैसे द्यायचे. मुख्य फेरीचं भाडं १० बाटांच्या घरात, लांब गेलात तर २०च्या आसपास. महत्त्वाचं हे, की चढताना भाव विचारायचा नाही. मी विचारला. ‘नाकलुआ, थाओ राय?’ म्हटल्याबरोबर ड्रायव्हरने दोन बोटं दाखवली. मी २० समजून बसले, उतरल्यावर कळलं ते दोनशे होते. भाव विचारला म्हणजे तुम्हाला अख्खी गाडी हवी आहे, असा तिथला अर्थ. चूक माझीच, पण राग त्याच्यावर काढला, आणि दिले दोनशे.

बुआखाओहून चालत सेकंड रोडला या आणि उत्तरेकडे जाणारी गाडी पकडा. डॉल्फिनच्या पुतळ्याच्या चौकात बऱ्याच गाड्या डावीकडे बीच रोडला वळतात. तुमचीही वळतेय असं दिसलं तर बेल दाबून उतरा आणि सरळ नाकलुआ रस्त्याने जाणारी दुसरी घ्या. वाटेत डाव्या हाताच्या एका गल्लीत ‘सॅन्क्चुअरी ऑफ ट्रुथ’ ही मंदिरासारखी अजस्र लाकडी वास्तू आहे. ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, तिथे अर्धा दिवस जातो.

नाकलुआ या नावाचा अर्थ मिठागर. उरण-वसईच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको, मिठागर म्हणजे खाडी आणि खाडी म्हणजे मासळी. पट्टाया पर्यटकांचं होण्याच्या आधीपासूनची ही कोळ्यांची आणि चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांची वस्ती. तिथला लान फो बाजार म्हणजे समुद्राला लागून असलेली मासळीबाजाराची शेड आणि शेजारी बाग. मासळी बाजारात घ्यायची, तिथल्याच भट्टीवर भाजून किंवा वाफवून घ्यायची आणि बागेत चटई पसरून खायची. सुट्टीच्या दिवशी बँकॉकहून आलेली थाई कुटुंबं अख्खी दुपार अशीच घालवतात.

घेताना आपली मासळीबाजारातली अक्कल वापरा: कल्ला लाल, डोळा चकचकीत, कोळंबीचं डोकं घट्ट. भाव पाटीवर लिहिलेला असतो. पाटी किलोची आहे की ‘खीत’ची, हे मात्र विचारा. खीत म्हणजे १०० ग्रॅम. हॉटेलांत विशेषतः याच एककाने भाव लावतात, आणि ६० बाटांना खेकडा मिळाला म्हणून खूश झालेला माणूस बिल आल्यावर गप्प होतो.

काय घ्यायचं? पू मा, निळसर पायांचा समुद्री खेकडा, वाफवलेला. कोळंबी, भाजलेली. कांग म्हणून एक चपटा, विंचवासारखा दिसणारा जीव असतो, चव कोळंबी आणि शेवंडाच्या मधली, पण सोलताना बोटं रक्ताळतात, म्हणून बाईकडूनच कात्रीने कापून घ्या. म्हाकूळ छान मिळतं. काय घ्यायचं नाही, तेही सांगते. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, लांब शेपटीचा खेकडा त्याच्या अंड्यांसाठी विकतात. त्याच्या एका जातीत फुग्या माशात असतं तेच विष सापडतं आणि ते शिजवून जात नाही. जात ओळखणं आपलं काम नव्हे, तेव्हा फोटो काढा आणि पुढे व्हा. नुसत्या गरम पाण्यातून काढलेले रक्तासारखे लाल शिंपलेही मी पहिल्या फेरीला सोडून द्यायला सांगेन.

तिघांना एक किलोच्या आत-बाहेर कोळंबी आणि दोन खेकडे पुरतात. भाजणावळ वेगळी द्यायची. सोबत हिरव्या चटणीची पिशवी मिळते: हिरवी मिरची, लसूण, लिंबू, कोथिंबिरीची मुळं आणि माशाचं पाणी. आपण मुळं कापून फेकतो, ते तीच वाटतात, आणि वास दुप्पट येतो. घरी आल्यापासून मीही मुळं फेकत नाही.

कोपऱ्यावर जांभळट-तपकिरी लगद्याच्या डब्या दिसतील. ती कापी. आपला जवळाच, फक्त मीठ घालून, मुरवून, वाटून ठेवलेला. जवळ्याची चटणी आवडणाऱ्याने एक डबी नक्की आणावी, पण तीन पिशव्यांत गुंडाळून. आमची एकीत गुंडाळली होती.

मासळी नको असेल तर याच वेळेची दुसरी जोडी म्हणजे सोम ताम आणि भाजलेली कोंबडी. रस्त्याने ‘पोक पोक’ असा आवाज आला की समजायचं, मातीच्या उभट खलात लाकडी बत्त्याने कच्ची पपई कुटली जाते आहे. कुटताना दुसऱ्या हातात चमचा असतो, तो खालचं वर करत राहतो. पपई ठेचली जात नाही, नुसती मार खाऊन मऊ होते. मिरच्या किती घालायच्या हे ती विचारते, तेव्हा एक बोट दाखवा. ‘सोम ताम थाय’ मागा, त्यात गूळ-दाणे असतात. मुरवलेल्या मासळीचं आणि कच्च्या खेकड्याचं सोम ताम चवीला जोरदार असतं, पण प्रवासातल्या पोटाला नको.

तीन ते साडेपाच: झोपा

खरंच. उन्हात या वेळेला गाड्याही कमी असतात. परत येताना नाकलुआहून येणारी गाडी डॉल्फिन चौकातून बीच रोडला लागते, समुद्र बघत बघत हॉटेलवर या आणि पंखा लावून आडवे व्हा. पट्टायात तरंगता बाजार म्हणून एक तिकीट लावलेली जागा आहे, दुपारी टूरवाले तिकडे नेतात. खाण्यासाठी जाण्यासारखं तिथे मला तरी काही सापडलं नाही.

शाकाहाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण

पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, आणि ते दिसतं इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं. त्याचा उच्चार ‘चे’ आणि ‘जे’च्या मधला. ही पाटी म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, वर कांदा-लसूणही नाही. आमच्या सासूबाईंना चातुर्मासातही चाललं असतं. जैन मित्रांनी मात्र बटाटा-गाजर असतं हे लक्षात ठेवावं. ‘मांगसविरात’ हा दुसरा शब्द, त्यात अंडं चालतं. साध्या गाडीवर ‘व्हेज’ म्हणून काही उपयोग नाही. भाज्या घालतील आणि वर माशाचं पाणी ओततील, त्यांच्या लेखी ते मीठच. ‘किन जे’ म्हणा, आणि नंतर ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचं पाणी घालू नका. ऑयस्टर सॉसला ‘नाम मन हॉय’ म्हणतात, तेही तसंच नको म्हणून सांगायचं. कढई तीच असते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी जे-पाटीचीच दुकानं धरावीत.

यात एक योग आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे शाकाहाराचा उत्सव असतो. बऱ्याच वर्षी ते आपल्या शारदीय नवरात्राचेच नऊ दिवस येतात, अधिक महिन्याच्या फरकाने कधी महिनाभर पुढेमागे. त्या दिवसांत पिवळे झेंडे जागोजागी लागतात, आणि नाकलुआच्या चिनी वस्तीत तर शाकाहाऱ्यांनी काय खावं हा प्रश्नच उरत नाही.

साडेपाचनंतर: थेप्प्रासित

हा बाजार थेप्प्रासित रस्त्याच्या सुखुमवित हमरस्त्याकडच्या टोकाला आहे. सोंगथेव बदलत जाता येतं, पण संध्याकाळी सरळ ॲपवरून गाडी बोलवा, तिघांत परवडते. साडेपाच-सहाला पोचा. साडेसातनंतर खांद्याला खांदा लागतो आणि बसायला स्टूल मिळत नाही.

आत शिरल्यावर लगेच काही घेऊ नका. एक फेरी पूर्ण मारा, बघा रांग कुठे आहे आणि रांगेत थाई बोलणारे किती आहेत. जिथे पदार्थ तुमच्यासमोर गरम होतो आणि परात दर पंधरा मिनिटांनी रिकामी होते, तिथे खा. तळून ढीग लावून ठेवलेलं सोडा. किड्यांच्या गाडीपाशी नुसता फोटो काढायचेही दहा बाट मागतात, त्यात काही चूक नाही, पाटी लावलेली असते.

क्रम मी असा ठेवते. आधी हॉय थोत: सपाट तव्यावर भरपूर तेलात पिठाचं पातळ मिश्रण, त्यावर शिंपले किंवा कालवं, अंडं, आणि खाली मोड आलेले मूग. कालवांचं आंबोळीशी लग्न लावलं तर असं काहीतरी होईल. मग एखादं नूडल्सचं टेबल. तिथे चार बरण्या ठेवलेल्या असतात: साखर, मिरचीपूड, मिरची घातलेला व्हिनेगर, मिरची घातलेलं माशाचं पाणी. वाडगा येतो तो मुद्दामच अर्धवट चवीचा, पुढचं काम तुमचं. आधी चाखा, मग चिमूट चिमूट घाला. चॉपस्टिक फक्त नूडल्सला. भात ते लोक चमच्याने खातात, काट्याने चमच्यात लोटून.

फात क्राफाओ या पदार्थाबद्दल घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा. खिमा, लसूण, मिरची आणि मूठभर क्राफाओची पानं. क्राफाओ म्हणजे तुळस, आपल्या वृंदावनातली तीच. मला चव आवडली. सासूबाईंनी वास ओळखला आणि हात जोडले, ते भक्तीने की निषेधाने, हे अजून विचारलेलं नाही.

गोडाला आंबा-चिकट भात. एप्रिल-मे हा खरा हंगाम, बाकीच्या महिन्यांत मिळतो पण महाग. आंबा नाम दोक माय जातीचा, लांबट, रेषा नसलेला, हापूसपेक्षा सौम्य. हापूसशी तुलना करत बसलात तर भांडण होईल. भातावर ओततात त्या नारळाच्या दुधात मीठ असतं, आणि त्या खारटपणाशिवाय हा पदार्थ होत नाही. परदेशातल्या हॉटेलांत तेच विसरतात. किंवा नारळाचं आइस्क्रीम घ्या, करवंटीत, वर शेंगदाणे.

पोटाचं म्हणाल तर, मधोमध भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातून येतो, तो आम्ही बिनधास्त घेतला. फोडलेल्या लादीचा भुगा टाळला. ओआरएसच्या चार पुड्या घरूनच न्या. त्या खेपेला एकच लागली, तीही ‘फेत माक’वाल्याला.

बाहेर पडताना, गेटपाशी, पिवळ्या बल्बखाली दोरीवर कपड्यासारखी वाळलेली म्हाकुळं टांगलेली सायकलगाडी दिसली तर थांबा. तुम्ही बोट दाखवाल ते म्हाकूळ तो कोळशावर धरतो, कडा वळल्या की उसाच्या चरकासारख्या छोट्या हातयंत्रात घालून फिरवतो. ते पातळ, लांब, जाळीदार होऊन बाहेर येतं. सुक्या बोंबलाचा वास सहन न होणाऱ्यांनी लांब उभं राहावं. पिशवीत घालून, आत चटणीची इवलीशी पुडी टाकून तो पिशवीत हवा भरतो आणि रबरबँड असा गरकन फिरवतो की आपल्याला ते सोडवताच येत नाही. गाडी यायला दहा मिनिटं असतात. तेवढा वेळ तो रबरबँड सोडवण्यात जातो.